अक्काच्या डोणीतलं निवळ पाणी

उन्हाचं कौतुक मला कुणी सांगू नये. मार्च अर्धा सरला की आमच्या कॉलेजातली पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत माझ्या टेबलाभोवती घोटाळायला लागतात, आणि त्यातलं एखादं तरी दरवर्षी म्हणतंच, "मॅडम, उन्हानं पाणी शुद्ध करायचा काहीतरी विषय द्या ना. ऊन तर फुकटच आहे." मी त्यांना दुसरंच काहीतरी देते. लोखंडाचा गंज घ्या, साबण घ्या, लिंबाचा रस घ्या. पोरं हिरमुसतात आणि पाठीमागं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी. लातूरचं ऊन खिडकीतून आत येतं, ओट्यावरच्या काचेच्या भांड्यांवर पडतं, आणि मी उठून पडदा ओढून घेते.

ऊन फुकट असतं हे एकेकाळी मीही म्हणत होते. म्हणत काय, प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, तेही इंग्रजीत आणि जरा नटवून. गुलबर्ग्यात राहून ते लिहायला फार अक्कल लागत नव्हती. तिथं ऋतू दोनच, उन्हाळा आणि त्याचा थोरला भाऊ, असं आम्ही बाहेरगावच्या पोरी म्हणायचो. शहाबादी फरशीची घरं, फरशीचीच छपरं, कुंपणंसुद्धा फरशीची, आणि सगळी फरशी सकाळी नऊपासून तापायला लागलेली. दुपारी नळ सोडला की पहिली बादली उकळत्या चहाचीच. मी बिदरच्या तांबड्या मातीतली. आमच्याकडं ऊन असतं, पण माळावर वारंही असतं. इथं काळ्या मातीचा आणि फरशीचा नुसता तवा होता.

त्या तव्यावर, म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या गच्चीवर, मी एक अख्खा उन्हाळा काढला. दोन हजार सालानंतरची आठ-दहा वर्षं उलटली असतील तेव्हा. काम थोडक्यात असं होतं: झिंक ऑक्साइडची बारीक भुकटी तयार करायची, तिच्यावर चांदीचे कण बसवायचे, ती रंगाच्या पाण्यात टाकून उन्हात ठेवायची. भुकटीच्या कणावर ऊन पडलं की तो कण पाण्यातल्या रंगावर तुटून पडतो, त्याचे तुकडे करतो. नुसती झिंकची भुकटी हे काम करते, पण लवकर दमते. चांदी जोडीला असली की तिला बळ येतं. म्हणून चांदी.

भुकटी भट्टीतून काढली की पिवळसर असते आणि थंड होता होता डोळ्यांदेखत पांढरी होते. ते बघायला मला फार आवडायचं. मग चांदी चढली की ती राखी व्हायची. निळ्या रंगाच्या पाण्याची भांडी गच्चीवर ओळीनं मांडायची, त्यात भुकटी सोडायची, खाली चुंबकाचं ढवळणी-यंत्र लावायचं आणि दर अर्ध्या तासानं सिरिंजनं थोडं पाणी काढून घ्यायचं. वीज गेली की ढवळणं थांबायचं. मग मी काचेची कांडी घेऊन डोक्यावर ओला टॉवेल टाकून हातानं ढवळत बसायची. काढलेलं पाणी यंत्रात घातलं की ते रंग किती उरला ते सांगायचं. दुपारपर्यंत निळं पाणी फिकं व्हायचं, तीन वाजता नितळ. मी ते बाटलीत भरून खिडकीत ठेवायची आणि जाता-येता त्याच्याकडं बघायची. इतकं सुख मला नंतर पगारानंही दिलं नाही.

चांदीच्या क्षारानं बोटं काळी पडतात. साबण, लिंबू, राख, कशानं जात नाहीत. कातडी बदलली की मगच जातात. त्या उन्हाळ्यात मी गावी गेले की अक्का आधी माझे हात हातात घ्यायची.

"हाताला काय झालंय गं सुमे? शिकायलीस का कोळसा इकायलीस?"

"चांदी हाय ती, अक्का."

"आमच्या चांदीनं कवा हात काळे झाले न्हाईत. तुज्या शिक्षणातली चांदीच उलटी दिसायली."

अक्का माझी थोरली बहीण. आई-अप्पा लागोपाठ गेले तेव्हा मी सातवीत होते. अक्काचं सासर गावातच असल्यानं तिनं मला उचलून आपल्या घरी नेलं आणि तिथून शिकवलं. आमची पिढीजात मेंढरं. इतरांनी कधीच विकून टाकली होती. कुणी बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलं, कुणी हैदराबादला. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, आधी कोळारला गोदामात जायचे, मग हैदराबादला उंच इमारतींच्या कामावर गेले आणि दिवाळी-दसऱ्याला येऊ लागले. ते दर वेळी अक्काला म्हणायचे, चल, तिकडं दोघं मिळून कमवू. अक्काचं उत्तर ठरलेलं होतं. "मेंढरं हायत तवर मी गाव सोडनार न्हाई. मला शिमेंटाच्या घमेल्याखाली मरायचं न्हाई." तेवीस मेंढ्या होत्या तिच्याकडं. प्रत्येकीला नाव होतं आणि नावानं हाक मारली की ती ती मान वर करायची. त्या तेवीस मेंढ्या होत्या म्हणून अक्का गावात होती, आणि अक्का गावात होती म्हणून मला गाव होतं.

गावाच्या अंगानं ओढा जातो. वरच्या बाजूला माळावर कुणीतरी पत्र्याचं शेड टाकून सूत रंगवायचा धंदा काढला होता. ना पाटी, ना नाव. मालक कुठला ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावातल्या चार जणांना तिथं काम मिळालं होतं, त्यामुळं बोलणार कोण? ओढ्याला पाणी तांबडं यायला लागलं, मग ओढ्याकाठच्या आमच्या विहिरीला. माणसांसाठी शाळेजवळ बोरिंग होतं. उन्हाळ्यात त्याला दोन-चार घागरीनंतर धाप लागायची. मेंढरांना तांबडं पाणी चालत नव्हतं. ती हुंगून मागं सरायची. मग अक्का त्यांना घेऊन भर उन्हात दोन कोस लांबच्या तळ्यावर जायची आणि यायची. एप्रिल-मेमध्ये तळंही आटत यायचं. गाभण मेंढ्या एवढं चालून आल्या की जिभा काढून लिंबाखाली पडायच्या. अक्का त्यांच्या पोटाला हात लावून बघायची. आखाडात वितील, असं म्हणायची.

आमच्या सरांनी मला सांगितलं होतं की प्रयोगशाळेत कालवलेल्या रंगाचं काय कौतुक, खऱ्या ओढ्याचं पाणी आण. मी मे महिन्यात गावी गेले ते त्यासाठी, सोबत दुधाच्या पावडरीच्या मोठ्या रिकाम्या डब्यात राखी भुकटी भरून घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या एवढंच काम होतं. डबा न्यायची काही गरज नव्हती. पण मला अक्काला दाखवायचं होतं.

परातीत विहिरीचं पाणी घेतलं, चमचाभर भुकटी टाकली आणि परात अंगणात उन्हात ठेवली. लिंबाच्या काडीनं आळीपाळीनं ढवळत बसलो दोघी. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं विचारलं, जादू करायलीव का काय? दुपार कलली तसा पाण्याचा तांबूसपणा उतरत गेला. मग ढवळायचं थांबलो. भुकटी सावकाश तळाशी बसली आणि वर निवळ पाणी राहिलं. परातीच्या तळावरचा कासाराचा ठोकाही स्पष्ट दिसत होता.

"निवळी हाय ही," अक्का म्हणाली. "साहेबाची निवळी."

निवळी म्हणजे एका झाडाचं बी. गढूळ पाण्याच्या घागरीत आतून ते घासलं की गाळ खाली बसतो. आमच्या घरी चुलीमागच्या कोनाड्यात चार-दोन बिया कायम असायच्या. आईच्या आईपासून आमच्या बायकांनी पाणी असंच पारखलं: निवळलं की चांगलं. त्यात चूक काहीच नव्हती, कारण त्यांच्या काळात पाण्यात वाईट जे असायचं ते डोळ्यांना दिसायचं. मी तिला सांगायला हवं होतं की ही निवळी नव्हे. गाळ खाली बसतो, पण रंगाचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि ते तुकडे काय चीज आहेत ते मलाही माहीत नाही. मी तसं काही सांगितलं नाही. उलट हसले. अक्काला माझं काम कळलं, आपल्या शब्दांत कळलं, याचाच मला कोण आनंद!

खरं सांगायचं तर आमच्या यंत्रालाही एवढंच कळत होतं. तेही पाण्यात रंग किती आहे तेवढंच बघायचं. आकडे देत असे म्हणून आम्ही त्याला मान द्यायचो, पण तो अक्काचाच डोळा होता, जरा महागातला. रंग गेला म्हणजे पाणी सुधारलं, असं कुणी स्पष्ट म्हणत नसे. सगळे तसं धरून चालायचे, मी धरून.

निघताना अक्का म्हणाली, "ठेव की गं तो डबा. घेऊन जाऊन काय करनार हाईस?"

मी डबा ठेवला. ठेवताना बजावलंही. "माणसांनी प्यायचं न्हाई हं अक्का. अजून तपासायचं ऱ्हायलंय."

"आमी कशाला पिऊ? आमाला बोरिंग हाय."

मी 'माणसांनी' म्हणाले. हे मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हणून बघितलं असेल. मेंढपाळाच्या घरात जन्मलेली बाई मी, माणसाला नको ते पाणी कुणाच्या तोंडाशी जातं हे मला कळायला पुस्तक लागत नव्हतं. तरी मी 'माणसांनी' म्हणाले, आणि अक्कानं माझा शब्द तंतोतंत पाळला.

विहिरीशेजारी आमची दगडी डोण आहे, जनावरांच्या पाण्याची. अक्का सकाळी ती भरायची, त्यात भुकटी टाकायची आणि जाता-येता बांबूनं ढवळायची. चार वाजता मेंढरं त्यावर सोडायची. दोन कोसांची चाल वाचली. दोन-तीन दिवसांत तिच्या लक्षात आलं की रोज नवी भुकटी टाकायची गरज नाही, तळाला बसलेली तीच पुन्हा काम देते. हे आम्ही प्रबंधात वेगळं प्रकरण करून लिहितो. अक्कानं ते डोणीपाशी उभं राहून शोधलं होतं आणि मला फोनवर मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. मी तिला म्हणाले, तूच ये इकडं, तुलाच डॉक्टर करू.

दुसरा फोन जूनमध्ये आला. मी गच्चीवर होते, हातात सिरिंज, अर्धा तास भरत आलेला.

"सुमे, तुज्या त्या पिठात मीठ हाय का गं?"

"न्हाई. कामून?"

"काय न्हाई. डोन सुकली की मेंढरं तळ चाटायलीत. लई चाटायलीत."

आमच्याकडं आठवड्यातून एकदा सपाट दगडावर मीठ पसरून मेंढरांना चाटायला देतात. दगडावर पांढरं दिसलं की मेंढरू धावतं, ही सवय त्यांना आम्हीच लावलेली. मला हे ठाऊक होतं. फोनवर ऐकताना डोक्यात काहीतरी चमकून गेलं, आता आठवतं तसं पक्कं चमकलं होतं. पण अर्धा तास भरला होता, पाणी काढायला उशीर झाला असता तर सकाळपासूनचा प्रयोग वाया गेला असता. "मीठ न्हाई अक्का, ठेवते, नंतर बोलते," म्हणाले आणि सिरिंज भांड्यात घातली. नंतर बोलले नाही. त्या दिवशीचा आलेख फार सुंदर आला होता.

आखाडात मी गेले तेव्हा अंगणात लिंबाखाली मेंढरं पडून होती. पाऊस अजून नव्हताच. हाक मारल्यावर माना वर होत नव्हत्या. गाभण मेंढ्यांपैकी पाचांनी गाभ टाकला होता. एकीनं माझ्यासमोर टाकला. ओंजळीत मावेल एवढं पिल्लू, अंगावर केस आलेले, डोळे मिटलेले. अक्कानं ते फडक्यात गुंडाळलं, तेव्हा तिचे हात सराईत झालेले दिसले. बाकीच्या मेंढ्या चारा हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. एकेकीची बरगडी मोजून घ्यावी अशी.

मी सरळ विहिरीवर गेले. डोण कोरडी होती. तळाला राखी लेप होता आणि त्यावर जिभांचे पट्टे उमटले होते, एकाला लागून एक, दगड उघडा पडेपर्यंत. मी तिथंच खाली बसले. झिंक थोडं पोटात गेलं तर औषध, जास्त गेलं तर विष, मेंढराला तर लवकरच. हे कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं, मी बघितलं असतं तर. पुढं दोन तास मी डोण घासत होते. अक्का मागं येऊन उभी राहिली होती, ते मला बऱ्याच वेळानं कळलं.

"तुज्या पिठानं झालं का गं हे?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"पिठानं झालं असंल, पाण्यानं झालं असंल. दोनी मिळून झालं असंल," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण तिनं पीठ विचारलं होतं आणि मी पाणी पुढं केलं, हेही खरं होतं.

जनावरांचा डॉक्टर आला तेव्हा त्यानं विचारलं, पोटात वेगळं काही गेलं का? मी तोंड उघडायच्या आत अक्का कानडीत बोलून मोकळी झाली: माळावरचं काहीतरी खाल्लं असेल, आम्ही काही दिलं नाही. डॉक्टर सलाईन लावून गेला. अक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. मग मेंढरं मरत गेली, एखादा दिवस आड करून. अकरा मेली. जी राहिली ती विकून टाकली. दसऱ्याला दाजी आले आणि परत गेले तेव्हा अक्का त्यांच्याबरोबर गेली, हैदराबादला, घमेल्याखाली. मी एस.टी.वर सोडायला गेले होते. आमच्याकडच्या सरकारी बसला आम्ही एस.टी.च म्हणतो. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझी काळी बोटं एकदा दाबली.

डोण घासताना निघालेलं पहिलं पाणी मी एका बाटलीत भरून गुलबर्ग्याला नेलं होतं. त्यात झिंक किती आहे ते सांगणारं यंत्र शेजारच्याच विभागात होतं. अर्ज केला असता तर आठवड्यात उत्तर मिळालं असतं. बाटलीवर चिठ्ठी लावली आणि ती कपाटात मागच्या बाजूला ठेवली. का, ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की वेळ झाला नाही. प्रबंधात मात्र 'प्रत्यक्ष ओढ्याचं पाणी' असं एक प्रकरण आहे. मी बाटल्यांतून आणलेल्या पाण्याचा रंग कसा उतरत गेला, त्याचा आलेख त्यात आहे. सरांना ते प्रकरण सगळ्यांत आवडलं होतं.

तोंडी परीक्षेला दीड वर्षानं अक्का आली. हैदराबादहून पहाटेची गाडी धरून आली, नवी साडी नेसून. हाताच्या भेगांत सिमेंट बसलं होतं, ते खोबरेल लावूनही गेलं नव्हतं. सगळ्यात मागच्या बाकावर पदर सावरून बसली. मी पडद्यावर आलेख दाखवत होते आणि ती आलेखांकडं नाही, माझ्याकडं बघत होती. सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते आणि सौम्य होते. त्यांनी रंगाविषयी विचारलं, चांदीविषयी विचारलं. शेवटी पान उलटता उलटता सहज विचारलं, हे शुद्ध केलेलं पाणी तुम्ही कुठल्या जिवंत प्राण्याला देऊन बघितलं का?

मी 'नाही' म्हणाले. ते म्हणाले, पुढं कधीतरी बघा, आणि सही केली. टाळ्या झाल्या. मागून अक्काच्या टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ ऐकू येत होत्या.

बाहेर व्हरांड्यात तिनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं शेवटाला काय इचारलं गं? तुजं तोंड उतरलं होतं."

मला खोटं सांगता आलं असतं. "पाणी कुना जनावराला पाजून बगितलं का म्हणून इचारलं."

"मग? काय म्हनलीस?"

"न्हाई म्हनले."

तिनं पुड्याचा दोरा सोडवला, पेढा काढला, मोडून दोन तुकडे केले.

"बरं केलीस," ती म्हणाली. "पोरीचं शिक्षन वाया गेलं असतं. अन् मेंढरं तर माजी होती."

अर्धा पेढा तिनं माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला.